विषारी मशरूम आणि दर्शनाची रांग

तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघाली की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं दापोडीत येते आणि हॅरिस पूल ओलांडून बोपोडीला लागते. देहू ते पंढरपूर ही चाल अडीचशे किलोमीटरच्या आसपास, दिवस अठरा-वीस. याच दापोडीत एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे गाड्यांचे सांगाडे बांधले जातात, पत्रा ठोकला जातो, जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर यायच्या लायकीच्या होतात. पुण्याहून अशा लाल गाडीत बसलं तर पाच-सहा तासांत पंढरपूर. म्हणजे विठोबाकडे जायची सगळ्यात अवघड वाट आणि सगळ्यात सोपी वाट, दोन्ही दापोडीत एकमेकींच्या शेजारी आहेत. यावरून पडणारा प्रश्न जुनाच आहे: चालून गेलेल्याला जे मिळतं ते बसून गेलेल्याला मिळतं का? कष्टाला स्वतःची काही किंमत आहे, की ते फक्त वाटेचं भाडं आहे? गंमत अशी, की हाच प्रश्न गेली चाळीस वर्षं वेगळ्या शब्दांत, आणि कीर्तनकारांच्या तोडीच्या आवेशानं, एका मिशाळ प्लंबरचे चाहते लढवत आले आहेत. ‘सुपर मारिओ’ किती अवघड असावा, कोणता भाग अवघड आणि कोणता निव्वळ अन्यायी, सोपा पर्याय दिला तर खेळ बाटतो का, यावर त्यांच्यात दोन नव्हे, चांगले दहा पंथ आहेत. माझं म्हणणं एवढंच, की या वादात धर्मविचाराला कामाचं बरंच काही आहे. आपल्याकडच्या एका जुन्या उत्तरातली फट तिथे फार स्वच्छ दिसते.

ते जुनं उत्तर ब्रह्मसूत्रांत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रश्न येतो, की ज्याला काहीच कमी नाही त्या ईश्वरानं हा जगाचा खटाटोप केला कशासाठी? सूत्रकार सांगतात, ती लीला आहे, खेळ आहे. आणि अगदी पुढच्याच सूत्रात त्यांना दुसरी शंका झेलावी लागते: हा खेळच असेल तर तो मांडणारा पक्षपाती आणि निर्दय ठरतो, कारण एकाला जन्मतः राजवाडा आणि दुसऱ्याला जन्मतः खड्डा. ही दोन सूत्रं अशी पाठोपाठ यावीत यात मला योगायोग वाटत नाही. खेळ म्हटलं की न्यायाचा प्रश्न आलाच. पत्त्यांचा डाव मांडणारी पोरंही हे जाणतात. शंकराचार्य भाष्यात पावसाची उपमा देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण भात उगवायचा की जव हे बियाण्यावर ठरतं. ईश्वर पावसासारखा, कर्म बियाण्यासारखं. जो भोगतो तो आपल्याच कर्माचं भोगतो. मग पहिलं कर्म कुठून आलं? त्याचंही उत्तर तयार आहे, संसार अनादि आहे. तर्काच्या पातळीवर ही बांधणी भक्कम आहे आणि हजार-बाराशे वर्षं ती टिकली. तिच्यात काय उणं आहे ते पाहायला एक नीट बांधलेला खेळ समोर ठेवावा लागतो.

खेळातून धर्म शिकवायची कल्पना आपल्याला परकी नाही. मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. त्याचं जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे नेते. पटावरच्या घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं, दुर्गुणांच्या घरी साप, सद्गुणांच्या घरी शिडी, सगळ्यात वर मोक्ष. चित्र सुरेख आहे, पण रचना म्हणून त्यात एक मोठी खोट आहे. सोंगटी क्रोधाच्या घरात जाते ती खेळणारा रागावला म्हणून नव्हे, कवड्या तशा पडल्या म्हणून. पटावर लिहिलेलं तत्त्वज्ञान कर्माचं आणि पट चालतो तो दैवावर. शंभर डाव खेळलेला माणूस पहिल्यांदा खेळणाऱ्यापेक्षा तसूभरही शहाणा होत नाही, कारण शहाणं होण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नाही. लहान पोरांना सापशिडी आवडते त्याचं कारणही हेच, की तिच्यात आजोबांना हरवता येतं.

याच्या उलट टोकाला १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो जपानमध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी घडवला. अख्खा खेळ चाळीस किलोबाइटचा, आजच्या एका साध्या फोटोपेक्षाही कितीतरी लहान. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या डब्यांतून आला, सोबत हजारो खेळांची थाप मारणारी पिवळी कॅसेट. सूचना जपानी-इंग्रजीत किंवा मुळीच नाहीत, मराठीत तर नाहीतच. तरीही मराठी घरांतली पोरं तासाभरात तो खेळू लागली, याचं श्रेय पहिल्या स्टेजच्या पहिल्या काही पावलांना जातं. मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला, तोंड उजवीकडे, आणि पुढे मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठे हे सांगावं लागत नाही. समोरून तपकिरी रंगाचा एक बुटका भुवया ताणून चालत येतो. त्याला नुसतं धडकलं की लाईफ गेली, खेळ पुन्हा सुरू, जेमतेम पाच सेकंदं वाया. दुसऱ्या खेपेला बोट आपसूक उडीच्या बटणावर. वर लुकलुकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा. त्याला डोकं मारलं की मशरूम बाहेर पडतं आणि उजवीकडे घरंगळतं. बुटक्याचा धसका घेतलेला नवखा त्यालाही घाबरून पळू पाहतो, पण मशरूम पुढच्या हिरव्या पाइपवर आपटून त्याच्याकडे परत येतं आणि डोक्यावरच्या ठोकळ्यांमुळे त्याला नीट चुकवताही येत नाही. धडकतं, आणि मारिओ मरायच्या ऐवजी मोठा होतो. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे, असं मियामोतोंनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. त्याच स्टेजच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे, दुसरीच्या मधे खड्डा. तीच उडी आधी चुकली तरी चालेल अशा जागी मारून घेतली आणि मग जिवावर बेतेल अशा जागी मागितली. घाटात गाडी न्यायच्या आधी मैदानात फिरवून घेणाऱ्या उस्तादासारखं हे वागणं आहे.

आता १९८६ सालचा दुसरा भाग घ्या. जपानमध्ये तो ‘सराईतांसाठी’ म्हणून विकला गेला. अमेरिकेतल्या निन्टेन्डोच्या लोकांनी तो खेळून पाहिला आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचा नाही असं ठरवलं. तिथे दुसरा भाग म्हणून भलताच एक खेळ मारिओचे कपडे चढवून १९८८ साली विकला. मूळ दुसरा भाग तिकडच्या लोकांना ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावानं १९९३ साली मिळाला. त्यात पहिल्याच स्टेजमध्ये ठोकळ्यातून मशरूम येतं, रंग जरा वेगळा, आणि ते खाल्लं की मारिओला मार बसतो. विषारी मशरूम! पुढे असे ठोकळे लागतात जे दिसतच नाहीत. खड्ड्यावरून उडी घेतली की हवेत डोकं आपटून मारिओ सरळ खाली. आणखी पुढे एक गुप्त वाट सापडते, सापडल्याचा आनंद होतो आणि ती तुम्हाला तिसऱ्या जगातून उचलून पुन्हा पहिल्या जगात नेऊन टाकते. चाहत्यांची फाळणी इथे होते. एक पक्ष म्हणतो, हा खरा मारिओ, बाकीचे पाळण्यातले. दुसरा म्हणतो, हा अवघड नाही, हा दुष्ट आहे. या दुसऱ्या पक्षाच्या तोंडी एक भेद सतत येतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अवघड म्हणजे जिथे मेल्यावर तोंडून ‘माझंच चुकलं’ असं निघतं. अन्यायी म्हणजे जिथे ‘हे मला कसं कळणार होतं?’ असं निघतं. मरणांची संख्या दोन्हीकडे सारखी असू शकते. तक्रार संख्येबद्दल नाहीच.

यावर पहिल्या पक्षाचा आक्षेप बिनतोड दिसतो. विषारी मशरूमही शिकवतं की, एकदा मेलात, पुन्हा खाणार नाही. मग त्या बुटक्यात आणि यात फरक काय? फरक धडा पुढे किती चालतो यात आहे. पहिल्या बुटक्यानं शिकवलेली उडी खेळातल्या प्रत्येक बुटक्यावर चालते, कासवांवर चालते, जरा बदलून खड्ड्यांवरही चालते. अदृश्य ठोकळ्यानं शिकवलेली गोष्ट मात्र फक्त त्या एका जागी उपयोगी, दोन पावलं पुढे तिची किंमत शून्य. एकाला उमगणं म्हणावं आणि दुसऱ्याला पाठांतर. विषारी मशरूम या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतं, आणि म्हणून त्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात हे रास्तच. त्याचा रंग वेगळा आहे, म्हणजे नजर ठेवणाऱ्याला इशारा आहे. पण पहिल्या खेळानं ‘ठोकळ्यातून आलेलं ते आपलं’ हा जो विश्वास दिला होता, तो कसलीही सूचना न देता मोडला आहे. मला स्वतःला विषारी मशरूम क्षम्य वाटतं आणि मागे नेणारी गुप्त वाट अक्षम्य. ज्यानं इतरांपेक्षा जास्त शोधाशोध केली, नेमका त्यालाच तिथे दंड होतो. शोधणाऱ्याला शिक्षा करणारी रचना, मग ती खेळाची असो की शाळेची, माझ्या लेखी नापास.

ही कसोटी हातात घेऊन कर्मसिद्धान्ताकडे परत येऊ. ‘जे भोगतोस ते तुझ्याच कर्माचं’ हे वाक्य ‘माझंच चुकलं’ या पहिल्या उद्गारासारखं दिसतं खरं. पण खेळणारा ‘माझंच चुकलं’ म्हणतो तेव्हा त्याला आठवत असतं, की बटण उशिरा दाबलं. मागच्या जन्मीच्या कोणत्या उडीत मी चुकलो, हे जीवाला आठवत नाही. कारण आहे पण ते दिसत नाही, अशा शिक्षेचा न्याय भोगणाऱ्याच्या बाजूनं अदृश्य ठोकळ्यासारखाच लागतो. वरून पाहणाऱ्याला हिशेब चोख दिसत असेल, खाली खड्ड्यात पडणाऱ्याच्या तो काय कामाचा? पावसाच्या उपमेतही हीच अडचण आहे. जवाला आपण जव का झालो हे कळायची सोय त्या शेतात नाही. परंपरा इथे गप्प बसत नाही, आणि तिचं उत्तर मला आदरानं घ्यावंसं वाटतं. आठवण नसते पण संस्कार असतात, असं ती म्हणते. मागच्या जन्मांचं शहाणपण कल म्हणून, ओढ म्हणून उरतं. मारिओ खेळणाऱ्याच्या बोटांकडे पाहिलं तर हे पटतं. वर्षांनी खेळ हातात आला तरी पहिली स्टेज बोटं खेळतात. विचारलं तर सांगता येत नाही, कधी दाबलं आणि कधी सोडलं. पडद्यावरचा मारिओ तर काहीच शिकत नाही. प्रत्येक लाईफला तो तेवढाच कोरा. शिकतं ते पडद्याबाहेर बसलेलं कोणीतरी, आणि अद्वैत्यांना ही उपमा आवडायला हरकत नसावी. पण बोटांचा संस्कार उपयोगी पडतो तो स्टेज पुन्हा तीच येते म्हणून. बुटका त्याच जागी, पाइप त्याच जागी. जीवाला मात्र दर खेपेला नवं घर, नवी भाषा, नवा खड्डा. तेव्हा संस्कार हे अर्धं उत्तर झालं. ते साधकाला धीर देतं, पण जन्मतः खड्ड्यात पडलेल्याला ‘तुझं तू पाहा’ म्हणायचा परवाना म्हणून वापरलं की त्याचं शस्त्र होतं, आणि ते तसं वापरलं गेलेलं आहे.

आता सोप्या वाटेकडे. २००९ साली Wii यंत्रावरच्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये एक नवी सोय आली. एकाच स्टेजमध्ये आठ वेळा मेलात की हिरवा ठोकळा दिसतो. तो फोडला की मारिओचा भाऊ लुइजी येतो आणि ती स्टेज तुमच्यादेखत खेळून दाखवतो. वाटेत कुठेही त्याला थांबवून सूत्रं आपल्या हाती घेता येतात. २०१७ सालच्या ‘ओडिसी’त तर मोजक्या लाईफ हा प्रकारच काढून टाकला, मेलात तर दहा नाणी वजा. २०२३ सालच्या ‘वंडर’मध्ये काही पात्रं अशी ठेवली, की शत्रूच्या धडकेनं त्यांना इजाच होत नाही. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. आपल्याकडच्या वैष्णवांना मात्र हा वाद तोंडपाठ आहे. श्रीवैष्णवांचे दोन पक्ष याच मुद्द्यावर वेगळे झाले. एकांचा मर्कटन्याय: माकडीण उडी मारते तेव्हा पिलानं आपणहून तिच्या पोटाला घट्ट धरायचं असतं, सुटलं तर पडलं. दुसऱ्यांचा मार्जारन्याय: मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलानं काही करायचं नसतं. लुइजीचा हिरवा ठोकळा म्हणजे शुद्ध मार्जारन्याय, फक्त मधेच ‘आता मी धरतो’ म्हणायची मुभा असलेला. आणि गीतेचा बारावा अध्याय या दृष्टीनं वाचला तर चकित व्हायला होतं. अव्यक्ताची उपासना देहधाऱ्याला जास्त क्लेशाची, हे मान्य करून श्रीकृष्ण एकेक पायरी खाली उतरत जातात. चित्त माझ्या ठायी ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तोही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्मं कर. तेही झेपत नसेल तर निदान फळाची आस सोड. कुठल्याही पायरीवर ‘मग तू नापास’ असं येत नाही. ही उतरण करुणेची आहे, आणि ती देणाऱ्यानंच मांडलेली आहे, कुणी चोरून काढलेली पळवाट नाही.

सोप्या वाटेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: सगळ्यांनाच पोहोचता आलं तर पोहोचण्याला अर्थ काय राहिला? चालणाऱ्याच्या पायाच्या फोडांचं काय? निन्टेन्डोनं याचं उत्तर मोठ्या चातुर्यानं दिलं होतं. हिरवा ठोकळा एकदाही न दिसू देता सगळा खेळ पार केला, तर त्या खेळाडूच्या नोंदीवरचे तारे लकाकतात. लकाकी फक्त त्याच्या नोंदीवर, इतरांच्या वाटेत तिचा अडथळा नाही. ज्याला किंमत हवी त्याला ती मिळाली आणि ज्याला वाट हवी त्याला वाट. हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार होतो, पण आक्षेपात अजून थोडा जीव आहे. सोपी वाट डोळ्यांसमोर असली की अवघड वाटेवरचा माणूस कच खातो. जी उडी त्याला दहाव्या खेपेला साधली असती, ती तो आठव्याच खेपेला सोडून देतो. हे खरं आहे आणि यात नुकसान आहे. मात्र नुकसान आहे ते त्याच्या शिकण्याचं, जो कधीच चालणार नव्हता त्याच्या पोहोचण्यानं ते होत नाही. म्हणून सोप्या वाटेचा हिशेब प्रत्येकानं आपल्यापुरता मांडावा, दुसऱ्याच्या तिकिटावर डोळा ठेवून नव्हे. कष्टाला किंमत आहे ती त्यात काहीतरी घडतं म्हणून. नुसता भोगलेला कष्ट जमेला धरायचा तर अदृश्य ठोकळ्याचीही पूजा करावी लागेल. वारीत चालणाऱ्यांमध्ये, निदान जे वारीच्या वळणात मुरले आहेत त्यांच्यामध्ये, एसटीनं येणाऱ्याबद्दल तुच्छता सहसा ऐकू येत नाही. ती ऐकू येते ती पहिल्यांदाच चालणाऱ्यांच्या तोंडून, आणि मारिओचंही तसंच असावं असा माझा दाट संशय आहे.

एवढं बोलून झाल्यावर ज्याला आपल्याकडे अधिकारभेद म्हणतात, त्याच्याशी गाठ पडतेच. ज्याचा जसा अधिकार तशी त्याला साधना, ही कल्पना ऐकायला अगदी खेळाच्या सोप्या-अवघड पर्यायांसारखी. पण पर्याय खेळणारा निवडतो आणि अधिकार जन्मानं चिकटवला गेला, या एका फरकानं सगळं चित्र पालटतं. जन्मावरून देवळाबाहेर ठेवलेल्या संत चोखोबांच्या वाट्याला आलेली गोष्ट अवघड नव्हती. अवघड गोष्ट कष्टानं साधता येते. त्यांच्यापुढे भिंत होती, आणि भिंतीला कसब विचारून उपयोग नसतो. कुठल्याही उडीनं पार होणार नाही अशी भिंत वाटेच्या मधोमध ठेवली तर खेळाडू त्याला कठीण स्टेज म्हणत नाहीत, रचनेतला दोष म्हणतात आणि कॅसेट परत करतात. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर असताना भिंतच कोसळून गेले, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, आत नव्हे, बाहेर आहे. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून सानेगुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. त्या वेळी विरोधकांचा एक युक्तिवाद ‘अशानं पावित्र्य जाईल’ हा होता. ‘अशानं खेळाची शान जाईल’ म्हणणाऱ्या चाहत्याला त्यांच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल, पण दोघांच्या वाक्याची चाल एकच आहे, एवढं त्यानं लक्षात घ्यावं. संस्कृत हीही अशीच एक भिंत होती. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तेव्हा गीतेतली एकही उडी आखूड झाली नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचणाऱ्याला तो किती दमवतो, हे वाचणाराच जाणे. फक्त उडी मारायच्या जागेपर्यंत पोहोचता येऊ लागलं.

अवघडपणा न्याय्य ठरायला आणखी एक अट आहे आणि ती मला एका खेळाच्या नियमातच सापडली. २०१५ साली आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये लोक स्वतः स्टेज रचून जगापुढे ठेवू शकत. अट एकच, रचणाऱ्यानं आधी ती स्वतः पार करून दाखवायची. जे तुला जमत नाही ते दुसऱ्याला मागू नकोस. पुढे काही चाहत्यांनी पण केला, की कुणालाच पार न झालेली प्रत्येक स्टेज खेळाची ऑनलाइन सेवा बंद पडायच्या आत पार करायची. ८ एप्रिल २०२४ ही ती तारीख. शेवटी ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ नावाची एक स्टेज उरली, लांबीला काही सेकंदांची, पण हजारो प्रयत्नांना पुरून उरलेली. मग मार्चमध्ये तिच्या कर्त्यानं कबूल केलं, की आपण ती हातानं पार केलीच नव्हती. यंत्राकडून बटणं दाबून घेतली होती. लोक चिडले, हसले, त्या स्टेजला यादीतून वगळलं. कर्त्यानं जे भोगलं नाही ते भोगायला लावणं हा त्यांना करारभंग वाटला. जगाच्या कर्त्याला हीच अट घालायची हिंमत धर्मांनी केलेली आहे. अवताराची कल्पना म्हणजे दुसरं काय? राम चौदा वर्षं वनात, कृष्णाला पारध्याचा बाण. ख्रिस्ती लोकांनी तर आपल्या देवाला खिळे ठोकून घेतले. लीला करणाऱ्यानं लीलेत उतरून मार खाल्ला पाहिजे, त्याशिवाय निर्दयतेचा ठपका धुऊन निघत नाही, ही भक्तांची आतली मागणी सूत्रांतल्या उत्तरापेक्षा मला जास्त खोल वाटते. विठ्ठलाशी हक्कानं भांडणारे नामदेव-जनाबाई याच मागणीच्या जोरावर भांडतात. बाकी त्या स्टेजची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सेवा बंद व्हायच्या तीन दिवस आधी एका खेळाडूनं ती हातानं पार केली. कर्त्याची फसवणूक माहीत असून, यादीतून ती वगळली गेली असून.

हे सारं पंढरपूरला आणून टेकवलं, तर एका जागी माझी तुलना लंगडी पडते, ते लपवून ठेवत नाही. आषाढीला पदस्पर्शाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते आणि ती कित्येक तासांची असते. एसटीनं आलेला आणि पायी आलेला त्या रांगेत एकामागे एक उभे राहतात. अडीचशे किलोमीटर चाललो म्हणून कुणाला पुढे घेत नाहीत. पासवाल्यांना वेगळी वाट दिली जाते तेव्हा तो मात्र सरळ सरळ दोष आहे. मारिओतला गुप्त पाइप निदान शोधणाऱ्या कुणालाही सापडतो, ओळख सांगावी लागत नाही. पण खरी गोम पुढे आहे. तीन आठवडे चाललेल्यांपैकी कित्येकजण त्या रांगेत लागतच नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला हात लावतात, लांबून कळस पाहून हात जोडतात आणि माघारी वळतात. मारिओच्या हिशेबात हे स्टेजच्या शेवटच्या झेंड्याच्या खांबापर्यंत येऊन खांबाला हात न लावता परतणं झालं. तिथे अशी स्टेज पार झालीच नाही, गुण शून्य. या लोकांना मात्र आपलं काही राहिलं असं वाटत नाही, आणि त्यांना तसं सांगून पाहणाराच वेड्यात निघेल. परतीची वारी पायी करणारे मोजके असतात. बाकीचे पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसतात, आणि गाडी पंढरपूरचा स्टँड सोडायच्या आत त्यांतल्या निम्म्यांचा डोळा लागलेला असतो.